वाचकांचे प्रश्न : विश्वस्त, शेण आणि सुट्टीचा दिवस

श्रद्धेच्या पायावर उभी राहिलेली पर्यावरण आणि शेतीची केंद्रे जगभर आहेत. जपानमधली एशियन रूरल इन्स्टिट्यूट (1973), इजिप्तमधले सेकेम (1977), न्यू जर्सीतल्या डॉमिनिकन भगिनींचे जेनेसिस फार्म (1980), बेनिनमधले सोंघाई (1985) ही त्यांतली काही जुनी नावे. अशी केंद्रे चालवणाऱ्या किंवा चालवू पाहणाऱ्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत अध्यात्माचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. कोठाराची किल्ली कोणाकडे, फुकट मिळालेले शेणखत घ्यावे का आणि सुट्टीच्या दिवशी रोपांना पाणी कोण घालणार, हेच सगळ्यांना विचारायचे होते. बरे झाले. केंद्रे अडतात ती इथेच.

प्रश्न : आमच्याकडे आध्यात्मिक प्रमुख आहेत, सात विश्वस्त आहेत आणि शेतीचे रीतसर शिक्षण घेतलेली व्यवस्थापक आहे. तरी साधी पेरणीची तारीखसुद्धा बैठकीत अडकते. गेल्या हंगामात वाटाणा तीन आठवडे उशिरा पेरला गेला. शेवटचा शब्द कोणाचा असावा?

एकाचा नसावा, निर्णयागणिक वेगळा असावा आणि तो लिहिलेला असावा. एका कागदावर चार रकाने आखा : कोणता निर्णय, कोण घेणार, आधी कोणाला विचारणार आणि किती दिवसांत. बियाणे, पेरणीची तारीख, पाण्याच्या पाळ्या, काढणी हे सगळे व्यवस्थापकाचे. तिथे कोणाची परवानगी नको. नवे जनावर आणणे, पक्के बांधकाम, विहीर, मोठे झाड तोडणे हे विश्वस्तांचे, पण व्यवस्थापकाचे लेखी मत फाइलला लागल्याशिवाय ठराव होऊ नये. काय निषिद्ध आहे (कोणती औषधे, कोणत्या दिवशी नांगर चालायचा नाही, जीवहत्येबाबतची भूमिका) ते आध्यात्मिक प्रमुखांनी ठरवावे. मात्र वर्षातून एकदा, हंगामापूर्वी. पीक अर्ध्यावर असताना आलेला नवा नियम पुढच्या हंगामापासून लागू करावा.

दोन कलमे विसरू नका. पहिले, खर्चाची मर्यादा : शेतीच्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या दोन टक्क्यांपर्यंतची खरेदी व्यवस्थापकाने न विचारता करावी. पंपाचे सील फाटले तर बैठक बोलावण्यात चार दिवस जातात, आणि चार दिवसांत रोपवाटिका जाते. दुसरे, मौनाची मुदत : सात दिवसांत विश्वस्तांचे उत्तर आले नाही तर व्यवस्थापकाचा प्रस्ताव मंजूर समजावा.

एवढे करूनही एक गोष्ट हमखास बिघडते. फेरफटका मारायला निघालेले विश्वस्त वाफ्यावरच्या माणसाला परस्पर काम सांगतात. तो बिचारा मोठ्या माणसाला नाही कसे म्हणणार? कामाचा आदेश एकाच तोंडातून जाईल, हे विश्वस्तांनीच स्वतःवर घालून घ्यायचे बंधन आहे.

हा पेच नवा नाही. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठनियमांत 31 वे प्रकरण कोठार सांभाळणाऱ्यावर आहे. त्याने मठाधिपतीच्या आज्ञेबाहेर काही करू नये, पण मठातली भांडी-अवजारे मात्र वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत, असे तिथे म्हटले आहे. लगेच पुढच्या प्रकरणात अवजारांची यादी ठेवायला सांगितली आहे, कोणाला काय दिले आणि काय परत आले ते कळावे म्हणून. आजच्या किती केंद्रांत खुरप्यांची यादी आहे?

प्रश्न : केंद्रप्रमुखांनी स्वतः शेतात राबावे का? आमच्या प्रमुखांचे वय सत्तरच्या पुढे आहे.

राबावे, पण रोज ठरल्या वेळी आणि थोडे. एशियन रूरल इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षणार्थी, कर्मचारी आणि संचालक सगळेच शेतीच्या आणि स्वयंपाकघराच्या कामाला हात लावतात. चीनमधले झेन आचार्य बायझांग यांची गोष्ट तर प्रसिद्धच आहे : म्हातारपणी शिष्यांनी त्यांची अवजारे लपवली, तेव्हा काम नाही तर जेवणही नाही म्हणून ते उपाशी राहिले.

सत्तरीत बी वेचणे, रोपांच्या ट्रे भरणे, भाजी निवडणे ही कामे बसून होतात. वाफ्यातल्या निर्णयांत लुडबूड न करता रोज पाऊण तास हजर राहणे एवढे पुरे. मनात आले की कुदळ घेऊन उतरणारे आणि सगळ्यांची लय मोडून तासाभराने फोटो काढून जाणारे प्रमुख मात्र न आलेले बरे.

प्रश्न : प्रार्थनेनंतर दर आठवड्याला तीस-चाळीस माणसे सेवा करायला येतात. उत्साह खूप असतो, पण ती गेल्यावर दोन दिवस आमचे निस्तरण्यात जातात.

चाळीस माणसांना एकच काम दिले असणार. दर सात-आठ जणांमागे एक जाणता माणूस हवा. असे तीनच असतील तर चोवीस जणांना शेतात न्या, बाकीच्यांना स्वयंपाकघरात किंवा आवाराच्या सफाईला.

कामांची विभागणी सोपी आहे : चुकले तरी दुरुस्त होणारी कामे गर्दीला द्या, न होणारी नेहमीच्या हातांना. आच्छादन पसरणे, खताचा ढीग परतणे, वाफ्यांमधल्या वाटांवर लाकडाचा भुसा टाकणे, कांदा-लसूण निवडणे, दगड वेचणे ही गर्दीची कामे. पेरणी, विरळणी, छाटणी आणि कोवळ्या पिकातली खुरपणी ही गर्दीची नव्हेत. गाजराची पंधरा दिवसांची ओळ आणि तण यांतला फरक नवख्याला दिसत नाही; चाळीस जण मिळून अर्ध्या तासात अख्खा वाफा साफ करतात, गाजरासकट.

तुमच्या दोन दिवसांच्या निस्तरण्याचे मोठे कारण बहुधा तुडवलेली माती असावे. काम सुरू करण्याआधी दहा सेंटिमीटर खोलीवरची मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर फुटला नाही, तर त्या दिवशी वाफ्याजवळ कोणालाही नेऊ नका. ओल्या मातीतली पोकळी पायाखाली दबली की पाणी वर साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि ते पुढे हंगामभर भोगावे लागते. वाफ्याची रुंदी 1.2 मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो. वाटांच्या कडेला दोरी बांधा. बोलून सांगितलेले कोणी लक्षात ठेवत नाही, दोरी मात्र कोणी ओलांडत नाही.

वेळ दीड तासच ठेवा. शेवटची पंधरा मिनिटे अवजारे धुण्या-मोजण्याची. चाळीस खुरपी बाहेर गेली तर चाळीस परत आली पाहिजेत. हरवलेले खुरपे पुढच्या महिन्यात कोणाच्या तरी पायात सापडते.

प्रश्न : आमच्या परंपरेत आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा आहे. पण झाडांना आणि जनावरांना सुट्टी कशी द्यायची?

जनावरांना देता येत नाही, आणि बहुतेक परंपरांत मुक्या जिवांच्या पाण्या-चाऱ्याला मुभा असतेच. दूध न काढता दिवस गेला तर कास दुखते, सुजते. तेव्हा ‘न टळणाऱ्या कामांची’ वेगळी यादी करा : जनावरांचे पाणी, चारा, धार, कोंबड्यांचे दार उघडणे-लावणे, पॉलिहाउसची हवा. नीट तयारी असेल तर ही कामे दोन माणसांची, सकाळ-संध्याकाळ मिळून दोन-अडीच तासांची असतात. पाळी फिरती ठेवा, आणि ज्याची पाळी त्याला आठवड्यात दुसरा पूर्ण दिवस सक्तीने द्या.

बाकी सगळे आदल्या दिवशी उरकायचे. काकडी आणि घेवडा वाट पाहत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी जरा कोवळेच काढा. रोपांच्या ट्रे हे खरे दुखणे : 128 कप्प्यांच्या ट्रेमधला एकेक कप्पा जेमतेम दोन-तीन चमचे मातीचा, कडक उन्हात दुपारपर्यंत सुकतो. ट्रेखाली पाणी धरून ठेवणारे जाड कापड अंथरून त्याचे टोक पाण्याच्या पन्हळीत सोडा. खालून ओल चढत राहते. पॉलिहाउसच्या झडपांना मेणाच्या नळकांड्याचे उघडझाप यंत्र बसवा. उष्णतेने मेण फुगते, दांडा पुढे सरकतो, झडप उघडते. वीज लागत नाही आणि माणूसही लागत नाही.

ठिबकला टायमर लावला असेल तर जाळी आणि बॅटरी आदल्या दिवशी पाहा. टायमर अडकून झडप उघडीच राहिली तर रात्रीतून टाकी रिकामी होते आणि सकाळी जनावरे तहानलेली. दूध देणाऱ्या एका मोठ्या गायीला दिवसाला 60 ते 100 लिटर पाणी लागते, हा हिशेब लहान नाही. उपाय स्वस्त आहे : सिंचनाची नळी टाकीच्या तळाशी न जोडता एक तृतीयांश उंचीवर जोडा, जनावरांची तळाशी. टायमर कितीही बिघडला तरी खालचे पाणी जनावरांचेच राहते.

आणखी एक. प्रार्थना, प्रवचन, पाहुणे सांभाळणाऱ्यांसाठी तो पवित्र दिवस सर्वांत कष्टाचा असतो. त्यांना विश्रांती मिळाली असे हजेरीपत्रक म्हणत असेल, तर हजेरीपत्रक खोटे आहे.

प्रश्न : प्रार्थनास्थळी वाहिलेली फुले आम्ही खतासाठी वापरतो. ढिगाला घाण वास येतो, आणि भाविकांना ते अवमानकारक वाटते.

वास येतो तो ढिगात हवा नसल्यामुळे. फुले ओली आणि नत्राने भरलेली. नुसत्या फुलांचा ढीग बसतो, चिकट होतो आणि सडतो. एक बादली फुलांमागे दोन ते तीन बादल्या सुका पालापाचोळा किंवा भुसकट घाला. कर्ब-नत्र प्रमाण (कार्बन आणि नायट्रोजन यांचे) 25 ते 30 ला 1 च्या आसपास आले की ढीग तापतो. ढीग निदान एक मीटर लांब, रुंद, उंच हवा. त्याहून लहान ढीग उष्णता धरून ठेवत नाही. मूठभर माल पिळल्यावर एक-दोन थेंब पडावेत, धार लागू नये. मध्यभागी तापमान 55 अंश सेल्सिअसच्या वर पंधरा दिवस राहावे आणि तेवढ्या काळात पाच वेळा परतावे, म्हणजे तणांचे बी आणि रोगजंतू मरतात. लांब दांड्याचा तापमापक घ्या. हाताला गरम लागतो म्हणजे झाले असे नाही.

फुले ढिगात टाकण्याआधी निवडणी हवी. नायलॉनचा दोरा, तार, जरी, चकाकणारा कागद बाहेर. मेणबत्त्यांचे मेण बहुधा पॅराफिनचे असते, ते ढिगात कुजत नाही. रंगीत भुकट्याही नकोत. त्यांत काय आहे ते विकणारा सांगत नाही. राख चालते, पण ती आम्लता मारते, म्हणून अगदी थोडी, आणि अल्कधर्मी जमिनीत शून्य. बाजारातल्या फुलांवर औषधांचे फवारे असतात, तेव्हा हे खत पहिले वर्षभर फुलझाडांना आणि फळझाडांना द्यावे, पालेभाजीला नको.

अवमानाचा प्रश्न जागेने सुटतो. फुलांचा ढीग उष्ट्या-खरकट्याच्या ढिगापासून वेगळा ठेवा, त्याला कुंपण घाला, आणि त्यातून निघालेले खत प्रार्थनास्थळाच्याच बागेला द्या. वाहिलेले फूल पुन्हा फुलाकडे जाते एवढे दिसले की तक्रार सहसा उरत नाही.

प्रश्न : एका भक्ताने घोड्यांच्या तबेल्यातले शेणखत दान दिले. चांगले कुजलेले होते. तरी टोमॅटोची पाने वाटीसारखी वळली, शेंडे पिळवटले. विषाणू आहे का?

शेजारच्या वाफ्यात ते खत न घातलेला टोमॅटो ठीक असेल तर विषाणूपेक्षा तणनाशकाचा संशय घ्या. कुरणावर मारलेली अमिनोपायरालिड, क्लोपायरालिड यांसारखी रुंद पानांच्या तणांची औषधे गवतात राहतात, घोड्याच्या पोटातून जातात आणि खताच्या ढिगातूनही तगतात. गवताला आणि मक्याला त्रास होत नाही. टोमॅटो, बटाटा, वाटाणा, घेवडा, गाजर मात्र अगदी थोड्या अंशानेही वाकडे होतात. दान देणाऱ्याला याची कल्पनाही नसते, कारण गवत त्यानेही विकतच घेतलेले असते.

परीक्षा घरच्या घरी होते. सहा कुंड्या घ्या. तिनांत खत आणि स्वच्छ माती निम्मी-निम्मी, तिनांत नुसती स्वच्छ माती. प्रत्येकीत घेवड्याचे चार दाणे. कुंड्यांखालच्या ताटल्या वेगवेगळ्या ठेवा, नाहीतर पाण्यातून औषध इकडून तिकडे जाते. तीन आठवड्यांनी, खरी पाने तीन आली की तुलना करा. खताच्या कुंड्यांत पाने आत वळलेली, शिरा जवळजवळ आलेल्या दिसल्या तर खत परत पाठवा.

वाफ्यात पडून गेले असेल तर झाडे उपटून ढिगात टाकू नका, चक्र पुन्हा सुरू होईल. माती दोन-तीनदा हलवा, मका किंवा गवतवर्गीय पीक घ्या. मातीतले सूक्ष्मजीव ते औषध हळूहळू फोडतात, काही महिन्यांपासून एक-दोन वर्षांपर्यंत. पुन्हा भाजी लावण्याआधी कुंड्यांची तीच परीक्षा त्या मातीची घ्या.

पुढच्या दानासाठी दारावर पाटी नको, अर्ज हवा : चारा कुठला, फवारणी झाली होती का, किती महिने कुजले. न कुजलेले शेण आले तर जमिनीला टेकणाऱ्या पिकाच्या काढणीआधी निदान 120 दिवस, उंच पिकाआधी 90 दिवस ते मातीत गेलेले असावे.

प्रश्न : आमच्या केंद्राला जीवहत्या मान्य नाही. दुधासाठी दोन गायी आणि अंड्यांसाठी वीस कोंबड्या घ्याव्यात असा विचार आहे. सल्ला द्या.

आधी आकडेमोड करा, मग गोठा बांधा.

गाय दूध देते ती व्यायल्यावर. दोन वेतांत चौदा महिन्यांचे अंतर धरले तर सहा वर्षांत एका गायीला पाच वासरे, दोघींना दहा. त्यांतले निम्मे गोऱ्हे. कालवडी भरवल्याच (गाभण केल्याच) नाहीत तरी सातव्या वर्षी दावणीला बारा जनावरे असतात, आणि त्यांतली दूध देणारी दोनच. साडेतीनशे किलोचे जनावर रोज वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे सुमारे नऊ किलो सुका चारा खाते; वर्षाला तीन टनांहून थोडे जास्त. लहान-मोठी मिळून दहा पूर्ण जनावरांइतकी धरली तरी वर्षाला बत्तीस टन. हेक्टरी आठ ते दहा टन सुका चारा देणारी चांगली जमीन असेल तर तीन-चार हेक्टर नुसत्या चाऱ्याला गेली. गाय वीस वर्षांपर्यंत जगू शकते. म्हणजे हा दुधाचा नव्हे, वीस वर्षांच्या पालनपोषणाचा निर्णय आहे, आणि तो दुधाच्या हिशेबावर घेतला की केंद्रे फसतात. मग रात्री गुपचूप गोऱ्हे ‘कोणाला तरी’ दिले जातात. ते कुठे जातात हे सगळ्यांना माहीत असते, विचारत कोणी नाही. याच्याइतकी कोणत्याही केंद्राची नैतिक बाजू लंगडी करणारी गोष्ट आम्हाला माहीत नाही.

मार्ग आहेत, पण प्रत्येकाची किंमत आहे. एक, वेत लांबवणे : व्यायल्यावर लगेच न भरवता दीड-दोन वर्षे धार काढत राहायची. दूध घटत जाते, पण वासरे जवळजवळ निम्मी होतात. दोन, लिंगनिश्चित रेतन, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून निवडलेले वीर्य वापरणे : साधारण नव्वद टक्के कालवडी होतात. गोऱ्ह्यांचा प्रश्न सुटतो, संख्येचा नाही. तीन, दूध विकत घ्यायचे आणि इतरांनी सोडलेली भाकड जनावरे शेणासाठी ठेवायची. हा मार्ग आम्हाला सर्वांत सरळ वाटतो. भाकड गायही रोज पंधरा-वीस किलो शेण देतेच. पंचवीस किलो ताज्या शेणातून सुमारे एक घनमीटर गॅस निघतो. दहा जनावरांचे सगळे शेण गोळा झाले तर सहा ते आठ घनमीटर, म्हणजे पंचवीसेक माणसांचा स्वयंपाक, आणि वर गाळ शेताला. जनावरे दिवसभर बाहेर चरत असतील तर हा आकडा निम्मा धरा. सोंघाईची सारी मांडणीच अशी आहे : जनावरांची विष्ठा गॅसकडे, माशांकडे, पिकाकडे. तिथे एका विभागाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल असतो.

कोंबड्यांचेही तेच, फक्त लवकर. कोंबडी नीट अंडी घालते दोन ते तीन वर्षे, जगते सहा ते आठ. वीस अंडी देणाऱ्या कायम ठेवायच्या तर दरवर्षी आठेक तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) आणाव्या लागतात, आणि सातव्या वर्षापर्यंत खुराड्यात पन्नासच्या आसपास कोंबड्या होतात. प्रत्येकीला रोज 110 ते 120 ग्रॅम खाद्य. खुराडे पहिल्यापासून पन्नासांचेच बांधा. विकतच्या तलंगांमागे एक गोष्ट दडलेली असते : अंड्यांच्या जातींची नर पिल्ले बहुतेक उबवणी केंद्रांत पहिल्याच दिवशी मारतात. घरी उबवली तर निम्मे कोंबडे, आणि आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा गुण्यागोविंदाने राहतो. व्रत घेताना हे डोळ्यांसमोर असावे.

प्रश्न : वर्षातून तीन शिबिरे असतात, प्रत्येकी दहा दिवस, साठ माणसे. नेमक्या त्याच वेळी शेतात भाजी नसते, आणि शिबिर संपले की ढिगाने येते.

शेतीची वही आणि शिबिरांची वही दोन वेगळ्या माणसांकडे आहेत ना? त्यांना एकत्र बसवा आणि तारखेपासून उलटे मोजा. मुळा 30 दिवस, पालक 40 ते 45, घेवडा 55 ते 60, गाजर 75 ते 80, कोबी रोप लावल्यापासून 75 ते 90. दिवस लहान होत जाणाऱ्या ऋतूत यात आणखी दहा-पंधरा दिवस मिळवा. इथेच बहुतेकांचे चुकते.

साठ माणसांना रोज शंभर ग्रॅम पालेभाजी म्हणजे दिवसाला सहा किलो, शिबिराला साठ. एका कापणीला चौरस मीटरमागे साधारण एक किलो धरले आणि पाचवा हिस्सा वाया जाणार हे मानले तर पंचाहत्तर चौरस मीटर लागतील. सगळे एकदम पेरले तर शेवटच्या दिवसांपर्यंत ते जून होते, म्हणून तीन हिश्शांत, चार-चार दिवसांच्या अंतराने पेरा. आठवड्याला 25 मिलिमीटर पाणी म्हणजे एवढ्या वाफ्याला 1,875 लिटर. टाकीत तेवढे आहे का तेही आधीच पाहा.

आणि साठवणीच्या पिकांवर भर द्या. भोपळा, कांदा, बटाटा, लसूण तारखेचे गुलाम नसतात. शिबिराच्या जेवणाचे वजन त्यांनी उचलावे, पालेभाजी वरची शोभा.

प्रश्न : हिशेबात शेती कायम तोट्यात दिसते. विश्वस्त म्हणतात, बंद करा.

बंद करण्याआधी वही नीट लिहा. स्वयंपाकघराला गेलेली भाजी बहुतेक केंद्रांत शून्य भावाने जाते आणि शाळेच्या सहली, शिबिरार्थींना शिकवणे यांत गेलेले तास शेतीच्या खर्चात पडतात. मग शेती तोट्यात दिसणारच. स्वयंपाकघराला ठोक भावाने बिल लावा. व्यवस्थापकाने महिनाभर रोज अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद करावी : पीक, शिक्षण, पाहुणे, बैठका. बैठकांचा आकडा विश्वस्तांना आवर्जून दाखवा.

विशिष्ट कारणासाठी आलेले दान वेगळ्या खात्यात ठेवा. झाडांसाठी दिलेल्या पैशातून पगार भागवले की विश्वास जातो आणि कायद्याचाही प्रश्न उभा राहतो. दान म्हणून मिळालेल्या यंत्राला दरवर्षी दुरुस्ती आणि झीज यांसाठी किमतीच्या दहा टक्क्यांची तरतूद नसेल तर ते दान नव्हे, शेडमधली अडगळ.

सेवाभावाने राहणाऱ्या तरुणांशीही लेखी करार करा : आठवड्याचे तास, स्वतंत्र खोली, मानधन, आजारपण, सुट्टी. स्थानिक कामगार कायदा ‘सेवा’ या शब्दाला कुठे आणि किती मानतो ते वकिलाला विचारूनच. तीस तासांच्या पुढे हे काम सेवा राहत नाही, असे आमचे मत.

प्रश्न : चाळीस वर्षे शेती सांभाळणाऱ्या भगिनी पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. सगळे त्यांच्या डोक्यात आहे.

मग निवृत्तीची तारीख पुढे ढकला, नव्या व्यक्तीची नेमणूक अलीकडे आणा. दोघींनी किमान एक पूर्ण वर्ष एकत्र काढले पाहिजे, कारण कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, कोणत्या वाफ्याला शेवटचे दव पडते ते त्या-त्या ऋतूतच दिसते. पहिले सहा महिने निर्णय जुन्या व्यक्तीचे आणि वही नवीने लिहायची. पुढचे सहा महिने निर्णय नवीचे, आणि जुनीने विचारल्याशिवाय बोलायचे नाही. दुसरा भाग कठीण.

कागदावर काय उतरवायचे? जमिनीखालच्या नळांचा नकाशा, दोन पक्क्या खुणांपासून मोजलेल्या अंतरांसह. ‘आंब्यापासून चार पावले’ असे लिहू नका, झाड पडते. प्रत्येक झडपेला क्रमांक आणि ती काय बंद करते. बियाणांची वही : जात, कुठून आली, कोणत्या वर्षी धरली, किती झाडांवरून. मक्यासारख्या परपरागीकरणाच्या (दुसऱ्या झाडाच्या परागाने फळणाऱ्या) पिकाचे बी पाच-दहा कणसांवरून धरत आले असाल तर तेही स्पष्ट लिहा, पुढे वाण खंगला तर कारण सापडेल; शंभरच्या आसपास झाडे हवीत. वाफ्यांची फेरपालट मागच्या पाच वर्षांची. शेजाऱ्यांशी बांधाचे, वाटेचे, पाण्याचे तोंडी ठरलेले काय काय आहे, तेही. कर्जाऊ दिलेली शिडीसुद्धा.

नकाशा खरा आहे का हे तपासायला नव्या व्यक्तीने एकटीने एका विभागाचे पाणी बंद करून, फिल्टर धुऊन, पुन्हा सुरू करून दाखवावे. त्या दिवशी जुन्या भगिनींना कोणीतरी दूर फिरायला न्या आणि फोन घरीच ठेवायला सांगा.